कॉमिकस्तान: विनोद घडताना बघायचा असेल तर

स्टँडअपची स्पर्धा म्हटलं की मला आधी २००५ चं 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' आठवतं. सुनील पाल जिंकले, राजू श्रीवास्तव घराघरांत पोचले. तिथे नकला आणि चुटक्यांचं राज्य होतं. २०१८ मध्ये अॅमेझॉन प्राइमवर आलेलं 'कॉमिकस्तान' वेगळ्या वाटेनं जातं आणि म्हणूनच मला मनापासून आवडतं.

इथे विनोदाचे प्रकार वेगवेगळे हाताळले जातात: स्वतःचे किस्से, निरीक्षण, ताज्या घडामोडी, इम्प्रॉव्ह म्हणजे आयत्या वेळी मंचावरच सुचलेला विनोद. त्या त्या प्रकारात मुरलेला विनोदकार मेंटॉर म्हणून सोबत असतो. तयारीत तो स्पर्धकाच्या लिखाणावर बोलतो, काय कापायचं ते सांगतो आणि मग तेच मंचावर कसं उतरतं ते आपण बघतो. या तुकड्यांसाठी मी जुने भाग पुन्हा लावते. एक शब्द मागेपुढे झाला की हशा कसा येतो किंवा जातो, हे इतकं स्वच्छ क्वचितच बघायला मिळतं. पहिल्या सीझनमधली प्रशस्ती सिंग जरूर ऐका.

परीक्षकांची आपापसातली थट्टा मात्र फार लांबते. नवख्यांच्या स्पर्धेत ती जागा नवख्यांचीच हवी, याबाबत मी ठाम आहे.

पहिला सीझन निशांत सुरीनं जिंकला, २०१९ चा दुसरा आकाश गुप्ता आणि समय रैना यांनी विभागून. सुरुवात दुसऱ्यापासून केली तरी चालेल. भाषा हिंदी-इंग्रजी मिश्र आहे, शिव्याही आहेत. लहान मुलं शेजारी नकोत.