आठ इनपुटचा इंटरफेस, दहा बाय बाराची खोली आणि एक रॉक अल्बम : सांगलीतून वापरानंतरचा अनुभव

संच असा : फोकसराइट स्कार्लेट 18आय20 (तिसरी पिढी) हा इंटरफेस, म्हणजे माइक-वाद्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, शुअरचे एसएम57 हे डायनॅमिक माइक, किकसाठी मोठ्या डायफ्रॅमचा डायनॅमिक माइक, छोट्या डायफ्रॅमच्या कंडेन्सरची जोडी, गायकासाठी एक मोठा कंडेन्सर आणि विंडोज लॅपटॉप. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत याच संचावर ड्रम, बास, दोन गिटार आणि गायन असा पूर्ण अल्बम झाला. इंटरफेस चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण आवाज कसा येणार हे खोलीचे कोपरे आणि घराचं अर्थिंग ठरवतं, म्हणून जास्त लिहायचं आहे ते त्याबद्दल.

ड्रमर खरे ड्रम वाजवणार असेल तर दोन इनपुटचा इंटरफेस घेऊ नका. आठ प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे) चैन म्हणून नाहीत, तेवढे लागतातच. या यंत्रावर गिटार-बास थेट लावायची सोय फक्त पहिल्या दोन इनपुटना आहे. म्हणून 1 वर बास, 2 वर मार्गदर्शक गिटार (नंतर पुसायची), 3 किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), 4 स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम), 5 आणि 6 ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेले दोन कंडेन्सर), 7 आणि 8 टॉम. ही मांडणी उगाच नाही. कंडेन्सर माइकला लागणारं 48 व्होल्टचं फँटम (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) इथे चार-चार चॅनलच्या गटाला एकदम लागतं, त्यामुळे दोन्ही कंडेन्सर 5 ते 8 मध्ये ठेवले की पहिला गट बंद ठेवता येतो. त्याच गटातल्या टॉमच्या डायनॅमिक माइकना फँटमने काही होत नाही, फक्त केबल शॉर्ट नको. जुना रिबन माइक मात्र चुकूनही तिथे लावू नका. फँटम चालू-बंद करताना स्पीकर आणि हेडफोनचा आवाज शून्यावर.

ओव्हरहेड लावताना दोरी घ्या. स्नेअरच्या मध्यावर एक टोक धरायचं आणि दोन्ही माइकपर्यंतचं अंतर अगदी सारखं करायचं, साधारण एक मीटर. आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो. एक माइक वीतभर लांब राहिला तरी स्नेअर एका बाजूला ओढल्यासारखा आणि पोकळ ऐकू येतो. मग रीपरमध्ये स्नेअरच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. ज्या बाजूला खालचा आवाज भरतो ती बाजू ठेवायची. किकमध्ये जुनी गोधडी घडी करून मागच्या हेडला जेमतेम टेकेल एवढीच. ठासून भरली की किक पुठ्ठ्यासारखी वाजते. बासचा अँप त्याच खोलीत लावला तर स्नेअरच्या तारा किणकिणत राहतात, म्हणून बास थेट लाइनमधून.

आता खोली. आरसीसी स्लॅब, खाली टाइल्स, गुळगुळीत प्लास्टर : रेकॉर्डिंगला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही, आणि आपल्याकडे बहुतेक सगळी घरं अशीच. टाळी वाजवा, भिंतींमधून झणझण परत येते. हे झालं वरच्या आवाजाचं, ते कापसाच्या दोन गाद्या उभ्या केल्या तरी बरंच बसतं. खरा त्रास खालचा. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा आवाज घुमतो, बारा फुटांत 47. बासची मोकळी ए तार 55 हर्ट्झची. म्हणजे या खोलीत मिक्स करताना ए वाजला की बास अंगावर येतो, बाकी स्वरांना गायब. ऐकणारा बास कमी करतो आणि तेच गाणं गाडीत लावलं की पोकळ वाजतं. यावर इक्वलायझर हा उपाय नाही. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत चार इंच जाडीचं रॉकवूल (दगडी लोकर), मागे थोडी पोकळी सोडून. घनमीटरला 48 किलो घनतेचे 50 मिलिमीटरचे स्लॅब दोन-दोन जोडून लाकडी चौकटीत बसवायचे आणि वर मांजरपाट ताणायचा. चौकटी सुताराकडून करून घेतल्या तर स्वस्त पडतात. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय, खालच्या आवाजाला ते ढिम्म हलवत नाहीत.

बाहेरचा आवाज यातलं काहीच अडवत नाही, हेही समजून घ्या. तो अडवायला वजन लागतं : जाड दार, फटींना रबरी पट्टी, खिडकीला दुहेरी काच. ते जमत नसेल तर घड्याळ पाळायचं. सकाळी घंटागाडीचं गाणं आणि भाजीवाल्याचा भोंगा ओव्हरहेडमध्ये इतका स्वच्छ येतो की मुद्दाम घेतल्यासारखा वाटतो. दुपारी दोन ते चार गल्ली झोपलेली असते, ड्रम तेव्हा. गणपतीच्या आधी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की माइकचं काम बंदच, तेव्हा फक्त थेट लाइनची कामं. गिटार थेट घेऊन न्यूरल अँप मॉडेलर या अँपची नक्कल करणाऱ्या मोफत प्लगइनमधून वाजवली तर शेजारी खूश, आणि अँपचा आवाज नंतर बदलता येतो तो फायदा वेगळाच.

वीज. गिटार लावल्याबरोबर घूं येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर तो अर्थ लूप, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याने येणारी घूं : लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच बोर्डावर आणा. तरी राहिला तर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजा. दोनच्या आत हवा. पाचच्या वर असेल तर वायरमनला बोलवायची वेळ झाली. बऱ्याच जुन्या घरांत मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तिथे अधूनमधून पाणी घालत राहावं लागतं. प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका. माइक हातात धरलेल्या गायकाच्या जिवाशी तो खेळ आहे. फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये हमखास करकर करतात. फॅन तसाही बंद ठेवायचा असतो. एप्रिलमध्ये त्या बंद खोलीत तारा दर टेकला उतरतात, प्रत्येक टेकआधी ट्यूनर.

रीपरबद्दल तक्रार नाही. 60 दिवस मोफत, नंतर लहान वापरकर्त्याला 60 डॉलर. 24 बिट, 48 किलोहर्ट्झला एक ट्रॅक मिनिटाला 8.6 एमबी खातो. आठ ट्रॅक, चार मिनिटांचं गाणं, पाच टेक : साधारण 1.4 जीबी. डिस्क मोठी आणि प्रत दोन ठिकाणी. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 चं पाणी पाहिलंय, दुसरी प्रत तळमजल्यावर नको. रेकॉर्ड करताना बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने) 128, मिक्सला 1024. 128 वर तडतड आली तर वायफाय बंद करा आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. लेव्हल सरासरी उणे 18 डेसिबलच्या आसपास, जोराचा फटका उणे 6 च्या वर जाऊ देऊ नका. गाण्याच्या शांत शेवटाला क्लिकचा (ताल देणाऱ्या टिकटिकीचा) आवाज उतरवत न्या, नाहीतर झांजेच्या शेपटीत हेडफोनमधली टिकटिक ऐकू येते.

गायकाला कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे पाठ करून उभं करा, माइक समोर, अंतर वीतभर. मराठी गाण्यात भ, फ, ख यांचा हवेचा झोत जोराचा येतो, पॉप फिल्टर एकटा पुरत नाही. माइक तोंडाच्या रेषेतून थोडा तिरका फिरवला की झोत बाजूने निघून जातो आणि स, च यांची धारही कमी होते.

शेजारी मिरज असल्यामुळे तानपुरा वापरायचा मोह होतोच, आणि व्हावाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते उगाच नाही. पण गिटारची नेहमीची ई म्हणजे सफेद तीन, पुरुषी तानपुरा तिथपर्यंत ताणला तर तार तुटते. उलट करा. सगळ्या गिटार एक स्वर उतरवून डी वर आणा, म्हणजे सफेद दोन, आणि 11 नंबरच्या (थोड्या जाड) तारा घाला. (मग बासची ए तार जी होते, 49 हर्ट्झ, आणि घुमायची पाळी बारा फुटांच्या भिंतींची.) माइक घोडीपासून फूटभर, किंचित दांडीकडे वळवून. मिक्समध्ये 300 हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर डिस्टॉर्शनच्या गिटारखाली सगळा चिखल. जवारीची (घोडीवरच्या तारेच्या झणकाराची) चमक 2 ते 6 किलोहर्ट्झमध्ये आहे, तेवढी राखा. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार गिटारच्या पडद्यांवरच्या गंधारापेक्षा 14 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग, त्यातले चौदा) खाली असतो. वर मेजर कॉर्ड वाजवली की दोन्ही भांडतात. षड्ज-पंचमाच्या पॉवर कॉर्ड वाजवा, भांडण मिटतं.

पावसाळ्यात कंडेन्सर ओल धरतात आणि मध्येच फुसफुसतात. वापर झाला की सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात. केबल स्वतः सोल्डर करायला शिका, दुरुस्तीला पुण्याला पाठवलेली वस्तू परत यायला फार वेळ जातो. ऑनलाइन टाकण्यासाठी मास्टर उणे 14 लफ्सच्या (सरासरी जोराचं माप) आसपास, ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे 1. रॉक त्याहून जोरात केला तरी स्पॉटिफाय तो आवाज खाली आणतंच, फक्त स्नेअरचा फटका बोथट झालेला राहतो.

एकट्याने गिटार-गाणं करणाऱ्याने मात्र हा मोठा इंटरफेस घेऊ नये. दोन इनपुटचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांचं रॉकवूल.