आंब्याच्या लस्सीसाठी पेक्टिन: हात आखडता घ्याल तर फसाल

मिरजेत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मी दर रविवारी आंब्याच्या लस्सीच्या बाटल्या विकते. 200 मिलीची बाटली, चाळीस-पन्नासच्या वर कधी नेत नाही. दुखणं एकच होतं. शनिवारी भरलेली बाटली रविवारी सकाळी बघावी, तर खाली पिवळा चोथा आणि वर दोन बोटं पाणी. लोक बाटली उजेडात धरून विचारायचे, "वहिनी, नासलीय का हो?" हलवून प्या म्हणून किती जणांना सांगत बसणार! गवार गम घालून पाहिला. लस्सी दाट झाली, पाणी मात्र सुटायचं ते सुटलंच.

मग पेक्टिन, म्हणजे फळांच्या सालीपासून काढलेली पावडर, मागवलं. पहिलं पाकीट वायाच गेलं. त्यावर नुसतं 'पेक्टिन' छापलेलं. सकाळी फ्रीज उघडला, तर बाटलीत लस्सीचा खरवस झालेला, उलटी केली तरी हलेना. माझी भाची डेअरी टेक्नॉलॉजी शिकलीय. तिला फोटो पाठवला तर म्हणाली, "मामी, हे लो मेथॉक्सिल जातीचं पेक्टिन दिसतंय. दुधातलं कॅल्शियम मिळालं की ते घट्ट बसतं. तुला हाय मेथॉक्सिल हवं." दुकानदाराला विचारलं तर त्याचं उत्तर, "सगळं सारखंच असतं हो ताई."

आता हे दुसरं पाकीट, ज्याच्याबद्दल लिहितेय. हाय मेथॉक्सिल, आयएनएस 440 (खाण्यात घालायच्या अशा पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), लिंबूवर्गीय फळांच्या सालीपासून काढलेलं. 100 ग्रॅमला साडेतीनशे रुपये. रंग फिकट बदामी, चव-वास जवळजवळ नाहीच. पाकिटावर प्रमाण म्हणून लिहिलंय 'गरजेनुसार'. धन्य!

गरज किती ते कळावं म्हणून मी चार बाटल्या केल्या. दही तेच, हापूसचा रस तोच. लिटरला 0, 1, 2 आणि 4 ग्रॅम अशा हिशेबाने पेक्टिन. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर 1 ग्रॅमवालीची अवस्था काहीच न घातलेलीपेक्षा वाईट! मोठाले कण, तळाला जाड थर. 2 ग्रॅमवाली बरी, 4 ग्रॅमवाली चौथ्या दिवशीही एकसारखी. मला वाटलं, चिठ्ठ्या चिकटवताना घोळ झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

भाचीने उलगडा केला. दूध आंबत pH (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या आसपास आलं की केसिन या प्रथिनाच्या कणांवरचा विद्युतभार उणे-अधिक मिळून शून्य होतो. एकमेकांना दूर ठेवणारं काही उरत नाही, कण चिकटतात. विरजण लागतं ते असंच. लस्सी त्याहून आंबट, माझ्या कागदी पट्टीवर 4 च्या जवळ, म्हणजे कण आता धन भाराचे. पेक्टिन म्हणजे ऋण भाराचे लांबच लांब धागे. ते कणांवर जाऊन बसतात आणि त्यांचे मोकळे पदर बाहेर लोंबत राहतात, त्यामुळे कण एकमेकांजवळ येत नाहीत. पण धागे कमी पडले, तर एकच धागा दोन-दोन कणांना धरतो. एका चादरीत दोन पोरं झोपवल्यासारखं, दोघं ओढत ओढत मधे येतात. गवार गमला असा भारच नसतो, तो नुसता दाटपणा देतो.

हे कळल्यावर जाऊबाईंचंही कोडं सुटलं. त्यांनी माझ्याच डब्यातलं पेक्टिन मसाला दुधात घातलं आणि रात्रीतून दुधाचे दोन थर झाले. गोड्या दुधात केसिनचा भारही ऋणच, तिथे पेक्टिन कशाला चिकटेल? असल्या दुधाला कॅरेजिनन (समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ), आयएनएस 407, वापरतात. विकतच्या चॉकलेट दुधाच्या खोक्यावर हा आकडा बघा.

वापरायला ही पावडर हट्टी आहे. थेट पाण्यात टाकली की बाहेरून चिकट, आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात आणि त्या रवीला दाद देत नाहीत. मी पाचपट साखरेत कोरडीच मिसळते, मग चांगल्या गरम पाण्यात चिमूट चिमूट सोडत मिक्सर फिरवते. गार झालं की घुसळलेल्या दह्यात. डेअरीसारखा होमोजिनायझर (साय बारीक फोडून दुधात मिसळणारं यंत्र) आपल्याकडे नसतो, त्यामुळे वरती पुसटशी साय-रेघ दिसतेच. ती मला चालते.

लिटरला 4 ग्रॅम धरलं तर पाकिटात 25 लिटर होतात, बाटलीमागे तीन रुपयांच्या आत. पाचातले चार तारे. एक कापला तो त्या 'गरजेनुसार'साठी. झिप लॉकही कामाचं नाही, मी पावडर काचेच्या बरणीत काढून ठेवलीय.

पाऊस सुरू व्हायच्या आत अजून एक पाकीट मागवलंय. ऑर्डरआधी फोन करून 'हाय मेथॉक्सिल, दह्याच्या पेयासाठीचं' असं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.