एमडी-एमएस की डीएनबी: सीट लॉक करण्याआधी

नीट-पीजीला, म्हणजे एमबीबीएसनंतर स्पेशालिस्ट होण्याच्या प्रवेशपरीक्षेला, रँक अगदी वरची आली तर प्रश्न नसतो. फार खाली गेली तरी नसतो; मिळेल ते घ्यायचं, नाहीतर पुन्हा अभ्यासाला बसायचं. खरी पंचाईत मधल्या रँकवाल्यांची. एकाच ब्रँचसाठी पसंतीक्रमाच्या यादीत एका ओळीवर दूरच्या जिल्ह्यातलं सरकारी कॉलेज दिसतं आणि खालच्या ओळीवर मोठ्या शहरातल्या ट्रस्ट हॉस्पिटलची डीएनबी (एमडी-एमएससारखीच स्पेशालिस्टची पदवी, पण राष्ट्रीय मंडळाची). वर कुणाला ठेवायचं? सीनियर्सना विचारावं तर जो जिथे शिकला तो तिथलंच कौतुक करतो, किंवा तिथलंच रडगाणं गातो.

पदवीच्या दर्जाचा वाद आधी बाजूला ठेवू. एमडी-एमएस विद्यापीठ देतं. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांना नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. डीएनबी देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाला सगळे अजून एनबीईच म्हणतात. ते १९७५ साली सुरू झालं आणि १९८२ मध्ये स्वायत्त झालं. एमबीबीएसनंतर दोन्ही तीन वर्षांचे, दोन्हीकडे थीसिस, दोन्हीला प्रवेश नीट-पीजीतूनच. सरकारी कॉलेजांचा ५० टक्के ऑल इंडिया कोटा आणि डीएनबीच्या सीट एमसीसीच्या (केंद्रीय प्रवेश समितीच्या) एकाच यादीत येतात, राज्याचा उरलेला वाटा सीईटी सेल भरतो. दवाखान्याच्या पाटीवर एमडी आहे की डीएनबी, हे पेशंट क्वचितच वाचतो. लग्न जमवणारे नातेवाईक मात्र वाचतात, तो भाग वेगळा.

मग फरक कुठे पडतो? तीन वर्षांत तुमच्या हातून काय काय होतं, इथे. बाकी सगळं त्यानंतर.

रात्री दोन वाजता अपेंडिक्स येतं. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, युनिटचा इमर्जन्सी डे असेल तर, ते जेआर-२च्या (दुसऱ्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटच्या) वाट्याला जातं. समोर जेआर-३ उभा असतो. लेक्चरर शेजारच्या ऑपरेशन थिएटरात परफोरेशन (आतडं फुटलेली केस) घेऊन बसलेला असतो. अडलं तर हाक मारायची. कॉर्पोरेट किंवा ट्रस्ट हॉस्पिटलात तोच पेशंट एका ठरावीक सर्जनचं नाव घेऊन दाखल झालेला असतो. बिलावर नाव त्यांचं, जबाबदारी त्यांची, म्हणून सर स्वतः येतात, दुर्बिणीतून झटपट काम उरकतात आणि घरी जातात. रेसिडेंट कॅमेरा धरतो. कॅमेरा धरूनही पुष्कळ शिकायला मिळतं. नीटनेटकी सर्जरी कशी दिसते हे अनेक सरकारी रेसिडेंटना उशिरा कळतं. पण तीन वर्षं कॅमेराच हातात राहिला, तर पास होऊन तालुक्याच्या गावी एकट्याने पोट उघडायची वेळ येते तेव्हा हात कापतो. म्हणून सर्जरीवाले सीटबद्दल पहिला प्रश्न विचारतात तो हाच: कटिंग कसं आहे, म्हणजे ऑपरेशनं स्वतःच्या हाताने किती करायला मिळतात?

स्त्रीरोगात हा फरक आणखी ठळक. सरकारी लेबर रूममध्ये झटके येत असलेली बाई, फाटलेलं गर्भाशय, कुठलीच तपासणी न झालेली प्रसूती, सगळं पहिल्याच वर्षात समोर येतं. खासगी हॉस्पिटलात बाईने नऊ महिने ज्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीच बाळंतपण करावं अशी तिची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. वंध्यत्वाचे उपचार किंवा लॅप्रोस्कोपी मात्र तिथे जास्त दिसते.

सगळ्या ब्रँचना हा नियम लावू नका. रेडिओलॉजीत गर्दीइतकीच मशीनला किंमत आहे. एमआरआय महिनोन्‌महिने बंद असलेल्या कॉलेजात सोनोग्राफी भरपूर होईल, पण पुढे नोकरी देणारा एमआरआयचं रिपोर्टिंग विचारतो. भूलशास्त्रात सरकारी ठिकाणी ट्रॉमा आणि सिझेरियनचा ओघ आटत नाही. हृदय, प्रत्यारोपण आणि सोनोग्राफीखाली दिलेले ब्लॉक (शरीराचा ठरावीक भाग बधिर करणारी भूल) शिकायचे तर चांगलं डीएनबी सेंटर पुढे. मेडिसिनमध्ये सर्पदंश, विषबाधा, टीबी एकीकडे. पाच औषधांवरचा ऐंशी वर्षांचा मधुमेही आणि सुसज्ज आयसीयू दुसरीकडे. इथे मी कौल देणार नाही, दोन्हीतून उत्तम फिजिशियन निघतात. पॅथॉलॉजीला ऑटोप्सी आणि नमुन्यांची विविधता हवी असेल तर मेडिकल कॉलेज बरं.

डीएनबी म्हणजे कॉर्पोरेट, असंही समजू नका. महापालिकेच्या उपनगरी हॉस्पिटलांत, रेल्वेच्या हॉस्पिटलांत, काही जिल्हा रुग्णालयांतही डीएनबी चालते. तिथे पेशंट सरकारी, गर्दी मेडिकल कॉलेजपेक्षा कमी, आणि शिकाऊंची उतरंड छोटी असल्यामुळे केस लवकर हातात येते. या सीटकडे लोकांचं उगाच दुर्लक्ष होतं. ट्रस्ट हॉस्पिटलांतही जनरल वॉर्ड किती खाटांचा आहे आणि तिथले पेशंट रेसिडेंट सांभाळतात का, हे विचारा. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. त्या कागदावर आहेत की भरलेल्या, यावर तुमचं शिक्षण बरंच अवलंबून आहे.

शिकवतं कोण, हेही पाहा. सरकारी युनिटमध्ये जेआर-१ला जेआर-३ शिकवतो. चांगला जेआर-३ मिळाला तर भाग्य, नाहीतर पहिलं वर्ष रिपोर्ट शोधण्यात, रक्ताच्या पिशव्या आणण्यात आणि ट्रॉली ढकलण्यात जातं. डीएनबीत कन्सल्टंटबरोबर थेट राउंड होतो. बदल्यात डिस्चार्ज समरी आणि इन्शुरन्सची कागदपत्रं तुमच्या गळ्यात. केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिले आहेत. क्लिनिकल ब्रँचच्या जेआर-१ला वाचून हसू येईल. दोन्हीकडे झोप उडते, पण सरकारी कॉलेजात निदान मार्ड (निवासी डॉक्टरांची संघटना) असते. छोट्या डीएनबी सेंटरमध्ये अख्ख्या विभागात रेसिडेंटच दोन-तीन, त्यातलं कोणी बोलायचं?

परीक्षेचं ओझं डीएनबीला जास्त, याबद्दल फार दुमत नाही. एमडीला परीक्षकांत निम्मे तरी बाहेरचे असतात, पण उरलेले तुम्हाला तीन वर्षं ओळखतात. डीएनबीची थिअरी देशभर एकच. ती पास झालात तरच प्रॅक्टिकल, आणि तेही परक्या हॉस्पिटलात, अनोळखी परीक्षकांसमोर. सेंटरमधून गेल्या काही बॅचेस पहिल्या प्रयत्नात पास झाल्या की नाही, हे तिथल्या रेसिडेंटना माहीत असतं. टाळाटाळीचं उत्तर आलं तर त्यातून काय समजायचं ते समजा.

पैशाचं थोडक्यात. सरकारी कॉलेजची फी कमी, स्टायपेंड राज्याच्या दराने, पण बाँड आहे: महाराष्ट्रात एक वर्षाची सेवा, नाहीतर मोठा दंड. इतर राज्यांत तो जास्त वर्षांचाही असतो, म्हणून ऑल इंडिया कोट्यातून बाहेर जाताना त्या राज्याची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय सीट लॉक करू नका. खासगी ट्रस्टमधल्या डीएनबीला राज्याच्या सेवेचा असा बाँड सहसा नसतो. मात्र डीएनबी मध्येच सोडली तर मंडळ तुम्हाला दुसऱ्या डीएनबीपासून त्या कोर्सच्या मुदतीपर्यंत रोखतं; ‘आवडलं नाही तर सोडू’ हा हिशेब इथे चालत नाही. खासगी आणि अभिमत कॉलेजांच्या मॅनेजमेंट सीटबद्दल एवढंच म्हणेन: कर्ज काढून तिथे जाण्याआधी ओपीडीत एक सकाळ बसून पेशंट मोजा.

आता चौथ्या वर्षाकडून, म्हणजे पास झाल्यावर काय करायचं त्यापासून, मागे या. गावाकडे स्वतःचं हॉस्पिटल काढायचं असेल आणि ब्रँच कापाकापीची असेल, तर आडगावचं सरकारी कॉलेजही शहरी कॉर्पोरेट डीएनबीच्या वर ठेवा. अट एकच, विभागातल्या प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या नसाव्यात. नव्या कॉलेजांत पेशंट पुष्कळ आणि शिकवायला कोणी नाही, असंही असतं. मेडिकल कॉलेजात शिकवायचं असेल तर एमडी-एमएसचा रस्ता सरळ. डीएनबीवाल्यांना तो बंद नाही, पण छोट्या हॉस्पिटलातून डीएनबी केलेल्यांना कॉलेजात ज्यादा सीनियर रेसिडेंटशिपची अट पडत आली आहे. हे नियम बदलतात, म्हणून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं ताजं राजपत्र पाहा.

सुपर-स्पेशालिटीचं डोक्यात असेल तर त्याच्या प्रवेशपरीक्षेला, नीट-एसएसला, दोघेही बसतात. तिथे वाचायला मिळालेला वेळ आणि त्या शाखेचा विभाग जवळून पाहिलेला असणं, दोन्हीचा उपयोग होतो. कार्डिओलॉजी करायची असेल तर कॅथलॅब (अँजिओग्राफी करायची खोली) असलेलं डीएनबी सेंटर कॅथलॅब नसलेल्या कॉलेजपेक्षा मला बरं वाटतं. न्यूरोसर्जरी किंवा प्लास्टिक सर्जरीच करायची हे पक्कं असेल, तर एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबीही (त्याच मंडळाचा सुपर-स्पेशालिटी कोर्स) आहे, पण चोविसाव्या वर्षी किती जणांचं इतकं पक्कं असतं! अमेरिकेला जायचं असेल तर इथली एमडी काय आणि डीएनबी काय, तिथे यूएसएमएलई (डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) देऊन रेसिडेन्सी पहिल्यापासून. त्यासाठी इथली तीन वर्षं घालवावीत का, हाच आधीचा प्रश्न.

चौकशी करताना विभागप्रमुखांना भेटा, पण उत्तरं जेआर-३कडून घ्या, तीही कॅन्टीनमध्ये, विभागात नाही. त्याची लॉगबुक बघायला मागा. त्यात पाहिल्या, असिस्ट केल्या, देखरेखीखाली केल्या आणि स्वतंत्र केल्या अशा केसेसची वेगवेगळी नोंद असते. शेवटच्या दोन प्रकारांकडे बघा. सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला हर्निया तिथे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, तर हॉस्पिटलच्या रोबोटचं कौतुक ऐकून घ्या आणि ती सीट यादीत खाली सरकवा. आणि गेल्या दोन वर्षांत किती जणांनी सीट सोडली, हे त्याच जेआर-३ला उठता उठता विचारा.