बेटांमध्ये बोटीवर राहायचंय: मोनोहल की कॅटामरान?

वडोदऱ्यात सुरसागर तळ्याच्या काठावर बसलो असताना दांडिया बाजारातल्या मित्राने विचारलं, "लंकावी-फुकेतकडे दोन आठवडे बोटीवर राहायचं ठरतंय. मोनोहल घेऊ की कॅटामरान?" मी दोन्हींवर राहिलोय. आधी मलेशियातल्या लंकावीहून एका पोटाच्या मोनोहलवर, नंतर थायलंडमधल्या फुकेतहून दोन पोटांच्या कॅटामरानवर. दोन्ही वेळा कप्तानासकट भाड्याने. वडोदऱ्याच्या माणसाला शिडाची समज ती कितीशी!

या बेटांमध्ये बोट दिवसाला चार-पाच तास चालते, बाकी वेळ नांगरावर. त्यामुळे वेगापेक्षा पातेलं कुठे ठेवायचं हा प्रश्न मोठा.

मोनोहल वाऱ्यावर निघाली की 15-20 अंश सहज कलते. शेगडी झुलत्या चौकटीत असते, ती सरळ राहते. आपण राहत नाही. बायको कमरेला पट्टा बांधून पोहे करायला उभी राहिली आणि चिरलेला कांदा समोरच्या बाकावर जाऊन बसला. मग चालत्या बोटीवर फक्त कुकर: झाकण घट्ट, खिचडी सांडत नाही. कॅटामरान जवळजवळ कलतच नाही. स्वयंपाकघरही बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर, खिडकीला लागून. तिथे तिने चालत्या बोटीवर थालीपिठं लावली. गॅसची झडप मात्र दोन्हींवर वापर झाला की लगेच बंद. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो.

रात्रीचं गणित वेगळं. नांगरावर बाजूने लाटा आल्या की मोनोहल पाळण्यासारखी डुलते, फक्त झोप लागत नाही. कॅटामरान तशी डुलत नाही, पण दोन पोटांच्या मधे पाणी खालून थपाथप आपटतं. पहिल्या रात्री कोणी दार वाजवतंय म्हणून मी उठून बसलो होतो. तिसऱ्या रात्रीपासून घोरलो.

पाण्याची काटकसर दोन्हीकडे सारखीच. चाळीस फुटी बोटीला साधारण 300-400 लिटरची टाकी असते. आंघोळ समुद्रात, वरून दोन तांबे गोडं पाणी; भांडी आधी खाऱ्या पाण्यात. खारं पाणी गोडं करणारं यंत्र आहे का, ते ठरवतानाच विचारा. विजेत फरक पडतो. कॅटामरानच्या रुंद छतावर सौर पट्ट्या भरपूर मावतात. आमच्या मोनोहलवर फ्रिजसाठी रोज तासभर इंजिन चालवावं लागे आणि तेवढा वेळ गप्पा बंद.

फुकेतजवळचा फांग-ङा उपसागर उथळ आहे. मोनोहलला दोनेक मीटर पाणी लागतं, कॅटामरानला सव्वा मीटरच्या आसपास, म्हणून ती किनाऱ्याच्या अधिक जवळ थांबते. भाडं मात्र तेवढ्याच लांबीच्या मोनोहलच्या दीडपट, कधी त्याहूनही जास्त.

मित्राला भीती उलटण्याची. मोनोहलच्या तळाशी कील, म्हणजे खाली उतरलेलं जड पातं असतं, आडवी पडली तरी बोट बहुधा उभी राहते. कॅटामरान एकदा उलटली की उलटीच. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती 'म्हादेई' 56 फुटी मोनोहलच होती. पण आपण कुठे दक्षिण महासागरात चाललोय? डिसेंबर ते मार्च या कोरड्या मोसमात, बेटांच्या आडोशाला, या मुद्द्यावर पैसे वाढवू नयेत.

खाऊ दोन्हींवर स्टीलच्या डब्यांत न्या. पुठ्ठ्याचे खोके जेटीवरच टाका, त्यात झुरळांची अंडी येतात. लिलो चिवडा (वडोदऱ्याचा ओलसर चिवडा) आमचा तिसऱ्या दिवशीच संपला. या वेळी दुप्पट न्यावा.

मित्राची आई सोबत येणार आहे आणि तिचे गुडघे दुखतात. मोनोहलमध्ये खाली उतरायला उभी शिडी, तीही दिवसातून वीस वेळा. कॅटामरानवर बैठक आणि मागचा ओटा जवळजवळ एकाच पातळीवर. खोलीत उतरायला तेवढ्या चार पायऱ्या. मी मित्राला कॅटामरानच सांगितली. दोघंच जाणार असते आणि शीड ओढायची हौस असती, तर मोनोहल सांगितली असती आणि कुकर आमचा दिला असता.