लग्नाच्या जुन्या डीव्हीडी आणि 4:3चं गणित: हँडब्रेक काही महिने वापरल्यावर

घरातल्या आणि नातेवाइकांच्या लग्न-मुंजीच्या डीव्हीडींच्या फाइल करून ठेवायच्या म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतर करणारं सॉफ्टवेअर वापरतेय. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. वेग आणि फाइलचा आकार यांबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं. मला लिहायचंय ते त्यातल्या डायमेन्शन्स या एका टॅबबद्दल, कारण माणसांचे चेहरे नीट राहणार की चपटे होणार हे तिथे ठरतं.

आपल्याकडे टीव्ही-व्हिडिओची पाल पद्धत. पूर्ण आकाराच्या डीव्हीडीत चित्र साठतं 720×576 पिक्सेलचं, मग ते 4:3 (रुंदी:उंची, जुन्या टीव्हीचा आकार) असो की 16:9 (रुंद पडद्याचा). आता 720ला 576ने भागून बघा: 5:4 येतं, म्हणजे दोन्हींपैकी काहीच नाही! याचं कारण हे पिक्सेल चौरस नसतात. 4:3 चित्रात पिक्सेल उंचीपेक्षा किंचित रुंद, 16:15 असा धरायचा, की पडद्यावर 768×576 होतं. 16:9मध्ये तोच पिक्सेल 64:45 धरला की 1024×576. यातलं काय धरायचं ते सांगणारी एक खूण फाइलमध्ये असते. खूण हरवली की नवरी रोडावते, 4:3 ऐवजी 16:9 लागली की सगळं वऱ्हाड एक तृतीयांशाने रुंद होतं.

हँडब्रेकमध्ये अ‍ॅनामॉर्फिक (म्हणजे चौरस नसलेले पिक्सेल तसेच ठेवणं) हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर असतो. तो तसाच राहू दिला तर पिक्सेल आहेत तसे राहतात आणि खूण नव्या फाइलमध्ये जाते. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये बघणाऱ्याला हेच उत्तम, आणि जपून ठेवायची प्रत मी अशीच करते. अडचण येते टीव्हीवर. पेनड्राइव्हवरून चालवताना काही टीव्ही ही खूण वाचतच नाहीत, सरळ 720×576 दाखवतात. आमच्या आत्याकडचा टीव्ही तसलाच. म्हणून नातेवाइकांना द्यायच्या प्रतीत मी अ‍ॅनामॉर्फिक ‘नन’ करते, म्हणजे पिक्सेल चौरस होतात आणि खुणेवर काही अवलंबून राहत नाही.

इथे एक खाच आहे. ‘फास्ट 576पी25’ हा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) निवडला असेल तर त्याची मर्यादा 720×576 असते. 768 रुंदी त्यात बसत नाही, मग हँडब्रेक उंची कमी करून 720×540 देतो. आकार 4:3च, चेहरेही ठीक, पण 36 ओळी फुकट गेल्या. आधीच धूसर असलेल्या चित्रात हे मला अजिबात पटत नाही. रिझोल्यूशनची मर्यादा काढायची, अपस्केलिंगला (चित्र मोठं करायला) परवानगी द्यायची आणि सुरू करण्याआधी खाली अंतिम आकार 768×576 दिसतोय ना ते वाचायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो व्हीएचएस कॅसेटवरून पुढे डीव्हीडीवर उतरवलेल्या लग्नांवर. एका डीव्हीडीत कार्यालयाच्या भिंतीवरचं गोल घड्याळ अगदी समोरून दिसतं. मंगलाष्टकं चालू असताना कॅमेरा मुद्दाम त्यावर थांबलाय. ती फ्रेम घेऊन तबकडी मोजली: उंची 134, रुंदी 131. खूण बरोबर असूनही माणसं किंचित बारीक! झालं असं की अशा रेकॉर्डिंगमध्ये खरं 4:3 चित्र साधारण मधल्या 704 पिक्सेलांत असतं आणि दोन्ही कडांना काळी पट्टी असते. अशा वेळी पिक्सेल 12:11 धरावा लागतो. क्रॉप ‘कस्टम’ करून डावी-उजवीकडून 8-8 कापले, पिक्सेल आस्पेक्ट हाताने 12:11 लिहिला. 704 गुणिले 12 भागिले 11, बरोबर 768. तबकडी गोल झाली. फरक जेमतेम सव्वादोन टक्क्यांचा आहे, पण आजीचा चेहरा ज्यांनी रोज पाहिलाय त्यांना तो जाणवतो असं माझं ठाम मत आहे.

ऑटो क्रॉप मात्र या जुन्या कॅसेटींवर वापरू नका. रात्रीच्या वरातीचा अंधार आणि कडांची काळी पट्टी त्याला नीट वेगळी करता येत नाही. प्रत्येक डिस्कला वेगळे आकडे येतात, आणि कॅसेटच्या तळाशी जी थरथरणारी रेघ असते ती कधी जाते, कधी राहते.

फाइल तयार आहे आणि फक्त खूण चुकली आहे, अशा वेळी हँडब्रेक कामाचा नाही. तो सगळं चित्र नव्याने एन्कोड करतो, म्हणजे वेळ जातो आणि दर्जाही थोडा उतरतो. एका स्टुडिओने करून दिलेल्या मावशीच्या फाइलींत 4:3 चित्राला 16:9ची खूण होती. त्यासाठी एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर घेतलं: चित्र-आवाज जसाच्या तसा कॉपी कर आणि आस्पेक्ट 4:3 लिही, एवढंच सांगायचं. काही सेकंदांत होतं. नंतर फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोत ती उघडून बघा. एमपी4च्या डब्यात (फाइलच्या बाहेरच्या आवरणात) एक खूण असते आणि आतल्या व्हिडिओत दुसरी, दोन्ही जुळत नसतील तर तिथे मूळ आस्पेक्टची वेगळी ओळ दिसते. तशी दिसली तर आतली खूणही एफएफएमपेगनेच, पुन्हा एन्कोड न करता, बदलता येते. नाहीतर एक प्लेअर बरोबर दाखवतो आणि दुसरा चूक.