५०-३०-२० की शून्याधारित बजेट?

घरखर्चाच्या या दोन पद्धतींपैकी ५०-३०-२० सोपी. कर वजा जाता हातात येणाऱ्या पैशातले ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेमौजेला, २० टक्के बचत आणि जादा कर्जफेडीला. तीनच कप्पे, त्यामुळे हिशोबाचा कंटाळा असलेल्या घरातही ती टिकते.

पण उत्पन्न बेताचं असेल तर घरभाडं, किराणा, फी आणि औषधं यांतच ७० टक्के संपतात. अशा वेळी आपण उधळे आहोत असं वाटून घेऊ नका. ५० टक्क्यांचा आकडाच त्या घरासाठी नाही.

शून्याधारित पद्धत मुळात कंपन्यांची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीतले व्यवस्थापक पीटर पायर यांनी १९७०च्या सुमारास ती मांडली. घरात तिचा अर्थ एवढाच, की महिना सुरू होण्याआधी पै न पैला काम नेमून द्यायचं. उत्पन्न वजा सगळ्या तरतुदी बरोबर शून्य. खातं मात्र रिकामं होत नाही, कारण बचत हीसुद्धा एक तरतूदच. तिची खरी ताकद वार्षिक खर्चात दिसते: विम्याच्या हप्त्याचा बारावा भाग दर महिन्याला बाजूला पडतो आणि ऐनवेळी उसनवारी करावी लागत नाही. वेळ मात्र जातो, आणि नवरा-बायको दोघांनी एकत्र बसावंच लागतं.

कर्ज असेल किंवा मिळकत कमी-जास्त होत असेल, तर मी शून्याधारित पद्धतच निवडेन. पगार ठरलेला आणि बचत आधीच सुरू असेल, तर ५०-३०-२० पुरेशी आहे.