जुनी डिझायर की मोठी सात सीटर? आमच्या घरचा हिशेब

आमची डिझायर ऑक्टोबर 2012 ची. पेट्रोल, व्हीएक्सआय (मधलं मॉडेल), 1 लाख 38 हजार किलोमीटर झालेली. एवढ्या वर्षांत तिने आम्हाला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. टायर, बॅटरी, एकदा क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, एवढीच मोठी कामं निघाली. तिचा कुठला आवाज कशाचा, हे मला गाडी न थांबवता कळतं. अशी गाडी सोडायची तर नुसती हौस पुरत नाही, कारण लागतं.

कारण गणपतीत मिळालं. घरात आम्ही सहा जण: मी, नवरा, दोन मुलं, आई आणि अप्पा, म्हणजे माझे सासू-सासरे. डिझायरमध्ये पाच. मुलगा स्वारगेटहून एसटीने गुहागरला आला. तो हसतच उतरला, पण अप्पा रात्री जेवताना म्हणाले, "अगं, एक गाडी अशी घ्या की सगळे एकत्र येऊ." त्यानंतर दोन महिने मी आणि नवऱ्याने दोन मोठ्या गाड्या नीट पाहिल्या, टाटा सफारी डिझेल आणि टोयोटा इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीची जोड असलेली. हायक्रॉसला एसयूव्ही म्हणावं की नाही हा वाद बाजूला ठेवू. सात माणसांचं कुटुंब जेव्हा मोठी गाडी शोधतं, तेव्हा या दोन्ही त्याच्या यादीत असतातच.

आधी टेप घेऊन खाली उतरा

डिझायरची लांबी 3,995 मिलिमीटर, रुंदी 1,695. सफारीची 4,668 आणि 1,922. म्हणजे लांबीत 67 सेंटिमीटर आणि रुंदीत जवळजवळ 23 सेंटिमीटर जास्त, तेही आरसे न धरता. हायक्रॉस तर 4,755 मिलिमीटर लांब. कागदावर हे आकडे किरकोळ वाटतात. आमच्या सोसायटीतली जागा अडीच मीटर रुंद आहे. डिझायर मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना 40-40 सेंटिमीटर उरतात, सफारी लावली तर 29-29. एका बाजूला खांब आहे. 29 सेंटिमीटरच्या फटीतून अप्पांना काठीसकट बाहेर काढता येणार नाही. त्यांना आधी गेटपाशी उतरवायचं आणि मग गाडी आत घ्यायची, हे रोजचं होईल.

आम्ही खडूने जमिनीवर सफारीचा चौकोन आखला आणि दोन दिवस तसाच ठेवला. ज्यांची गाडी यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात लागते त्यांनी तिथल्या पाटीवरची उंचीची आणि वजनाची मर्यादा आधी वाचावी. बरेच जुने पाळणे सेडानच्या उंचीचे असतात, आणि सफारीची उंची 1,795 मिलिमीटर आहे.

दुसरं माप गावचं. गुहागरला आमचं घर खालच्या पाटात, म्हणजे गावाच्या खालच्या आळीत. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधून वाट. डिझायर आरसे न मिटता आत जाते. मोठी गाडी जाईल, पण समोरून रिक्षा आली तर थेट हमरस्त्यापर्यंत मागे घ्यावी लागेल. पावसात, शेवाळ धरलेल्या गडग्याला लागून. हे मला जमेल, अवघड जाईल ते नवऱ्याला. त्याला मागे घेण्याचा सराव कमी आहे. मागचा कॅमेरा मदत करतो हे खरं, पण कॅमेऱ्याने वाट रुंद होत नाही.

सहा माणसं बसतात. सामान कुठे बसतं?

मला सर्वात मोठा धक्का इथे बसला. जुन्या डिझायरची डिकी 316 लिटरची. हायक्रॉसच्या तिन्ही रांगा वर असताना मागे उरते 300 लिटर. म्हणजे डिझायरमध्ये पाच माणसांना जेवढी सामानाची जागा होती, तिच्याहून थोडी कमी जागा आता सहा-सात माणसांत वाटायची. सफारीत तिसरी रांग उघडी ठेवून आम्ही घरून नेलेली मधली सूटकेस उभी करून पाहिली, दार लागलं नाही. गौरी-गणपतीला जाताना पूजेचं सामान आणि कपडे, येताना नारळ, तांदूळ, आंबोशी, कोकम. छतावर कॅरिअर घेतल्याशिवाय भागणार नाही.

तिसऱ्या रांगेत बसणार कोण, हेही शोरूममध्ये कुणी विचारत नाही. आमच्याकडे ती मुलांची जागा ठरते. मुलीला गाडी लागते. उंब्रज सोडून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट, या रस्त्यावर ती डिझायरमध्येही खिडकीशी बसून लिंबू हुंगत असते. तिसरी रांग मागच्या चाकांवर येते, तिथे हेलकावा जास्त, काच बहुधा उघडत नाही, आणि पुढचा रस्ता दिसत नाही. टेस्ट ड्राइव्हला आम्ही तिला मुद्दाम मागे बसवलं. चांदणी चौकातून पिरंगुटपर्यंत गेलो आणि येताना ती मधल्या रांगेत आली. तुमच्या घरात कुणाला गाडी लागत असेल तर हा प्रयोग पैसे भरायच्या आधी करा.

हायक्रॉसची तिसरी रांग मात्र खरंच माणसांसाठी आहे. नवरा पाच फूट दहा इंच आहे, तो तिथे वीस मिनिटं बसला आणि तक्रार केली नाही. ज्या घरात सहावं-सातवं माणूस मोठं आहे त्यांनी हीच पाहावी.

गुडघे

अप्पांचं वय 78. डिझायरमध्ये त्यांना खाली बसावं लागतं आणि उठताना दाराला लोंबकळावं लागतं. आम्ही सीटवर एक जाड उशी ठेवली आहे. सफारीत उलटा प्रश्न आला. बसल्यावर ते खूश झाले, पण चढताना पाय उचलून आत टाकावा लागला आणि आईंना तर हात द्यावा लागला. उंच गाडी म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सोयीची, हा समज मी घरूनच घेऊन गेले होते. सोयीची उंची म्हणजे सीट कमरेच्या पातळीला येते ती. हायक्रॉसमध्ये दोघं कुणाचाही हात न धरता बसले.

पैसा

माझ्याकडे डिझायरची वही आहे. वर्षाला आमचं रनिंग 10 हजार किलोमीटर, सरासरी लिटरला 15. पेट्रोल 104 रुपये धरलं तर वर्षाचे सुमारे 69 हजार. सफारी डिझेल चालवणाऱ्या ओळखीच्यांना शहर-हायवे मिळून 12 पडतं. डिझेल 91 धरून 76 हजार होतात. हायक्रॉस हायब्रिडला 17 धरलं तर 61 हजार. म्हणजे इंधनात फरक जवळजवळ नाही, आणि हायब्रिड तर जुन्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. टोलही तोच, कारण कार आणि जीप एकाच दरात मोजतात.

फरक आहे तो बाकी सगळ्यात. 22 लाखांच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात 15 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 3 लाख 30 हजार. पेट्रोलला त्याच किमतीवर 13 टक्के. थर्ड पार्टी विमा 2022 मध्ये ठरलेल्या दरांनी 1,000 ते 1,500 सीसीला वर्षाला 3,416 रुपये, त्याच्या वर 7,897. आणि नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. टायर 17-18 इंची, एकाच्या किमतीत डिझायरचे दोन तरी येतील.

आणि कर्ज. 15 लाख, 9 टक्के, पाच वर्षं: महिन्याला 31 हजारांच्या थोडा वर हप्ता, आणि एकूण व्याज 3 लाख 68 हजार. डिझायरच्या देखभालीला गेल्या तीन वर्षांत मला वर्षाला सरासरी 28 हजार लागले. एका महिन्याच्या हप्त्यात जुन्या गाडीचं सगळं वर्ष निघतं. हप्ता कमी करायला सात वर्षांचं कर्ज सुचवलं जातं. हप्ता 24 हजारांवर येतो खरा, पण व्याज 5 लाखांच्या पुढे जातं. मी ते घेणार नाही.

डिझेलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. माझं रोजचं जाणं-येणं कोथरूड ते डेक्कन, सहा किलोमीटर, सिग्नलला सिग्नल जोडलेला. अशा वापरात डिझेल घेऊ नये, कितीही दमदार असलं तरी. आणि सफारीचं इंजिन दमदार आहेच: 170 पीएस, घाटात दुसऱ्या गिअरची आठवण होत नाही. आठवड्यातून दोनदा सातारा-कोल्हापूर करणाऱ्याला ती शोभते.

जुनी गाडी ठेवण्यालाही खर्च आहे. ऑक्टोबर 2027 मध्ये आमच्या गाडीची 15 वर्षं पूर्ण होतील. 15 वर्षं झाली म्हणून सरसकट बंदी आपल्याकडे नाही. आरटीओत तपासणी करून पाच वर्षांची नोंदणी वाढवून मिळते. त्याची फी 2022 पासून 5,000 रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर. पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं मिळतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं आहे की जुन्या धर्तीच्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज त्याने 6 ते 7 टक्के उतरू शकतं. रबरी नळ्या, सील वेळच्या वेळी पाहून घ्यावे लागतात.

जिथे जुनी गाडी हरते

वरचं बहुतेक सगळं जुन्या गाडीच्या बाजूने आहे. पण आमच्या व्हीएक्सआयमध्ये एअरबॅग नाहीत. 2012 मध्ये त्या वरच्या मॉडेलमध्ये मिळत आणि आम्ही पैसे वाचवले. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने, त्याच घराण्यातली, एअरबॅग नसलेली स्विफ्ट आदळवून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. सफारीला 2023 मध्ये ग्लोबल एनकॅप आणि भारत एनकॅप (तशीच आपल्या देशातली चाचणी), दोन्हीकडे पाचपैकी पाच. या एका आकड्यापुढे माझी देखभालीची वही मला अपुरी वाटते. गाडी रस्त्यात बंद न पडणं म्हणजे भरवसा, असं मी इतकी वर्षं धरून चालले. ती आदळल्यावर आतली माणसं वाचणं हाही भरवसाच आहे, आणि तो या गाडीकडे नाही. खंबाटकीच्या उतारावर मागून ट्रक येताना दिसतो तेव्हा हे मला दरवेळी आठवतं. दोन्ही मुलं मागे असतात.

म्हणून "जुनी चालतेय तोवर चालवा" हा सल्ला मी कुणाला देणार नाही, निदान हायवेवर कुटुंब नेणाऱ्याला तरी. पण पाच ताऱ्यांसाठी पावणेपाच मीटर लांब गाडी लागत नाही. 2024 च्या नव्या डिझायरला पाच तारे आहेत. टाटाच्या नेक्सॉनलाही आहेत, तीही 3,995 मिलिमीटरच. दोन्हींत सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी 18 टक्के आहे, मोठ्यांवर 40. मोठ्यांवरचा करही आधीपेक्षा उतरला आहे, पण दोघींमधलं अंतर वाढलं.

मग कुणी काय घ्यावं

मी कॅलेंडर काढून मोजलं. गेल्या वर्षात आम्ही सहाही जण एका वेळी बाहेर पडलो ते दिवस: गणपतीचे सात, मे महिन्यात गुहागरचे पाच, कोल्हापूर-जोतिबा-नरसोबाची वाडी तीन, नाशिकच्या लग्नाचे दोन, पुण्यातल्या लग्नांचे दोन. एकोणीस. नाशिक आणि कोल्हापूरला भाड्याची इनोव्हा केली होती, चालकासकट मिळून 36 हजार. गणपतीत मात्र सात सीटर मिळत नाही, मिळाली तर दर चढलेला असतो. यंदा आम्ही जूनमध्येच सांगून ठेवणार आहोत.

तुमचा हाच आकडा साठच्या पुढे असेल, सहावं माणूस मोठं असेल आणि पार्किंगला जागा असेल, तर हायक्रॉस हायब्रिड घ्या, महाग असली तरी. रनिंग वर्षाला 20 हजारांच्या वर आणि बहुतेक हायवेचं असेल तर सफारी डिझेल. पाचच माणसं आहेत पण मोठी गाडी मनात भरली आहे, तर खडूचा चौकोन आखून आठवडाभर पाहा.

आम्ही पेट्रोल नेक्सॉन बुक केली. रुंदी 1,804, खांबाच्या बाजूने दार पुरेसं उघडतं, आणि सीटची उंची अप्पांना चालली. ते एकदा म्हणाले, "सगळे एकत्र येणार नाहीच ना मग?" मी म्हटलं, "येणार अप्पा, भाड्याच्या गाडीने. तुम्ही पुढे बसा, मी मागे बसते." त्यांनी मान डोलावली, पण त्यांना आपली गाडी हवी होती हे मला ठाऊक आहे, आणि ते मला लागलं.

डिझायर नात्यातल्या एका मुलाला देतोय, शहरात शिकण्यापुरती. विकताना दोन गोष्टी विसरू नका. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचं पत्र घ्या. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि नव्या गाडीच्या विम्यातला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता त्याने 50 टक्क्यांपर्यंत उतरतो. आणि फॉर्म 29, 30 भरून आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचं स्वतः तपासा, घरातलाच माणूस असला तरी.